ईर्षेची बोली

रविवारी सकाळी चहा झाला की राजवर्धन अंगणात जायचा, पिवळ्या गाडीचं कव्हर काढायचा आणि बॅटरी उतरू नये म्हणून ती चालू करून ठेवायचा. गाडी दोन दारांची, दोनच माणसांची, बसकी, परदेशी बनावटीची. आवाज असा की समोरच्या घरातली मांडणीवरची भांडी थरथरायची. तो आवाज निघाला की त्याची बारा वर्षांची पोरगी संयोगिता हातातलं असेल ते टाकायची आणि मागच्या दारानं शेजारच्या झुंबरबाईंच्या स्वयंपाकघरात जाऊन बसायची. झुंबरबाई तिच्यापुढं शेंगा फोडायला ठेवायच्या आणि काही विचारायच्या नाहीत. गाडी बंद झाल्यावरही पोरगी बराच वेळ घरी यायची नाही.

वर्षाराणी, म्हणजे त्या पोरीची आई आणि ह्या बहाद्दराची बायको, दर रविवारी खिडकीतून हे बघायची आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. स्वतःच्या घरात लेकराला थारा नाही आणि एका पिवळ्या धोंड्याला मात्र अंगणातली सावलीची जागा. तेल-पाणी, पुसायला मऊ फडकं, दसऱ्याला झेंडूचा हार. पोरीचा उजवा हात कोपरात सळई घालून जोडलेला, तो अजून पुरता सरळ होत नव्हता, आणि तो ज्या गाडीनं मोडला तिचे लाड चालले होते.

झालं होतं ते असं. मागच्या वर्षी राजवर्धन पोरीला धरण दाखवायला राधानगरीला घेऊन निघाला. वाटेत पलीकडच्या पेठेतला धैर्यशील आपली लाल गाडी घेऊन मागून आला, हॉर्न वाजवत पुढं गेला आणि खिडकीतून हात काढून त्यानं 'या की' म्हणून बोलावलं. बास. कोल्हापुरात ईर्षेला कुणी दुर्गुण म्हणत नाही. फुटबॉल असो, गणपतीची मिरवणूक असो, म्हशींच्या शर्यती असोत, दुसऱ्या पेठेच्या माणसानं पुढं जाऊन मागं वळून बघितलं की इथल्या माणसाच्या अंगात वारं शिरतं. राजवर्धनच्याही शिरलं. शेजारी पोरगी बसली आहे हे तो विसरला. गाडी वळणावर रस्ता सोडून मोरीच्या कठड्याला जाऊन भिडली. त्याला कपाळावर खरचटलं. पोरीचा हात मोडला.

दवाखान्यात पोरीनं बापाला एवढंच विचारलं होतं, की ती गाडी परत घरी येणार का. राजवर्धनच्या डोळ्यांत पाणी आलं. तिच्या डोक्यावर हात ठेवून तो म्हणाला, "न्हाय बाळा. इकून टाकतो. माझा शब्द हाय." पोरीनं डोळे मिटले आणि शांत झोपली. शाळेच्या संघाची गोलकीपर होती ती. आता ती मैदानाकडं फिरकत नव्हती, रिक्षात बसत नव्हती, बसमध्ये चढत नव्हती. शाळेत चालत जायची, दवाखान्यात तपासणीला चालत जायची. एका शब्दावर मात्र तिचा भरवसा होता, तो म्हणजे बापाचा.

शब्द दिला, आणि महिन्याभरात गाडी दुरुस्त होऊन दारात हजर झाली. मोडकी गाडी कोण घेणार, विकायची तर आधी नीट करायला नको का, असं त्याचं म्हणणं. मग म्हणे पितृपंधरवडा आहे. मग म्हणे बाजार पडलाय. मग म्हणे पुण्याहून एक पार्टी येणार आहे. पार्टी काही आली नाही. राजवर्धनची गाडी विकायची तयारी म्हणजे बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात.

शेवटी वर्षाराणीनं पदर खोचला. गाडी मुळात तिच्याच नावावर होती. तिच्या वाढदिवसाला भेट म्हणून राजवर्धननं ती घेतली, चौकात 'वहिनीसाहेबांना लाडकी भेट' असा दोन मजली फ्लेक्स लावला, आणि चावी आपल्या खिशात ठेवली. आता मात्र नाव उपयोगी पडलं. तिनं नवऱ्याला सांगितलं, की मी गाडी इंटरनेटवरच्या लिलावात लावते आहे. तो चहा पीत होता. कर काय करायचं ते, म्हणाला. त्याला वाटलं, बाईमाणसाला हे जमतंय कुठलं.

पण ही बाई वाढली होती लिलावातच. तिचे वडील जोतीराम गूळ बाजारातले जुने अडते. परकर-पोलक्यात असल्यापासून तिनं सौदे बघितले होते आणि लग्नानंतरही ती वडिलांच्या पेढीवर जाऊन बसायची. गुळाचा रवा, म्हणजे अख्खी ढेप, गिऱ्हाइकापुढं फोडून दाखवायचा, आतनं काळा निघणार असेल तर गिऱ्हाइकाच्या आधी आपणच सांगायचं, ही वडिलांची शिकवण. तिनं गाडीची तशीच मांडणी केली. दिवसाउजेडी फोटो काढले, चांगल्या बाजूचे आणि वाईट बाजूचेही. डाव्या दाराचा रंग नवा आहे, पुढचा सांगाडा सरळ करून घेतलेला आहे, अपघात झालेला आहे आणि त्यात आमच्या मुलीला इजा झाली आहे, असं तिनं वर्णनात पहिल्याच ओळीत लिहिलं. लिलाव कंपनीचा मेकॅनिक येऊन गाडी तपासून गेला, त्याचा अहवाल तिनं न लपवता खाली जोडला.

राजवर्धन चिडला. असलं लिहिल्यावर कोण कुत्रं तरी विचारेल का, असं तो म्हणाला. वर्षाराणीनं ऐकलं नाही.

मग फोन सुरू झाले. एकजण म्हणाला, मी फौजेत आहे, सीमेवर आहे, गाडी न बघताच घेतो, फक्त मी पाठवतो तो कोड स्कॅन करा म्हणजे पैसे तुमच्या खात्यात येतील. वर्षाराणीनं त्याला विचारलं की पैसे घ्यायला कोड कशाला लागतो बाबा, आणि उत्तर यायच्या आत फोन ठेवला. दुसरा म्हणाला, लिलाव सोडा, आज रोख देतो, कागद मागनं करू. कागद मागनं, म्हणजे उद्या त्यानं कुणाला उडवलं की पोलीस हिच्या दारात. तिसऱ्याला एकट्यानं चालवून बघायची होती, लायसन्स मात्र दाखवायचं नव्हतं. तिनं सगळ्यांना एकच सांगितलं: बोली लावायची तर कंपनीकडं अनामत भरून लावायची, पैसे कंपनीकडं जमा करायचे, आरटीओत नाव बदललं की पैसे मला, चावी तुम्हाला. त्याच्या आधी चावीला कुणी हात लावायचा नाही.

ह्या सगळ्या भामट्यांत एक माणूस खरं निघालं. पवित्रा हिरेमठ, हुबळीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवणारी बाई. तिला अशा गाड्यांची आवड होती आणि ती त्या रस्त्यावर नाही, शर्यतीच्या बंदिस्त ट्रॅकवर चालवायची. आजोळ निपाणीचं, त्यामुळं मराठी यायचं, कानडी हेल असलेलं. तिनं फोन केला तेव्हा वर्षाराणीला वाटलं, आता ही इंजिनबद्दल विचारणार. ती म्हणाली, "अक्का, गाडीचं वाचलं मी. लेकराला कसं आहे आता?"

एवढ्या महिन्यांत राजवर्धनच्या तालमीतल्या, म्हणजे पेठेच्या मंडळातल्या, एकाही पोरानं हे विचारलं नव्हतं. सगळे विचारायचे, इंजिनला काय झालं नाही ना.

दोघी अर्धा तास बोलल्या. पवित्रानं सांगितलं की ती किती बोली लावणार आणि कुठं थांबणार. ज्याच्या खाली गाडी विकायची नाही त्या राखीव किमतीच्या बऱ्याच वरचा आकडा होता तो, रास्त होता, आणि वर्षाराणीला तेवढा पुरे होता. दोन दिवसांत पवित्राची बोली सगळ्यांत वर जाऊन बसली. लिलाव रविवारी संध्याकाळी पाचला संपणार होता. शनिवारी वर्षाराणीनं पोरीला जवळ घेऊन सांगितलं, की गाडी चालली हुबळीला, एका चांगल्या बाईकडं. संयोगितानं दोनदा विचारलं, नक्की का. नक्की, म्हणाली आई.

रविवार उजाडला. राजवर्धननं सवयीप्रमाणं गाडी चालू केली, पोरगी सवयीप्रमाणं मागच्या दारानं गेली. शेवटचा रविवार म्हणून वर्षाराणीनं जीभ आवरली. तिथंच चुकलं. चावी त्याच्या हातातून त्याच वेळी काढून घ्यायला हवी होती.

दुपारी बाळासो आला. राजवर्धनचा जिवलग, तालमीचा खजिनदार, राजवर्धनदादांसाठी जीव देतो म्हणणारा. त्यानं पाटावर बसून तांबडा-पांढरा रस्सा ओरपला, मग मोबाइलवर लिलाव बघितला आणि त्याचं तोंड उतरलं. "वैनी, येवढ्यात? आमच्या दादाची गाडी येवढ्यात जाणार? आणि ती बी हुबळीला?" वर्षाराणीनं त्याला समजावलं की भाव योग्य आहे, गाडीला अपघात झालेला आहे आणि ह्या घराला ती गाडी नको आहे. बाळासोनं मान डोलावली, हात धुतले आणि गेला. जाताना राजवर्धनलाही घेऊन गेला.

चारच्या सुमाराला वर्षाराणीचा मोबाइल टुणटुणायला लागला. नवी बोली. पुन्हा नवी बोली. आधी तिला वाटलं, पवित्रा आणि दुसरं कुणी खरं गिऱ्हाईक. मग तिनं बोली लावणाऱ्यांची टोपणनावं वाचली आणि कपाळावर हात मारला. एकाचं नाव 'पेठेचा वाघ'. दुसऱ्याचं 'नाद करायचा न्हाय'. पवित्रा आपल्या आकड्यापर्यंत आली आणि सांगितल्याप्रमाणं थांबली. पण वाघ आणि नाद थांबेनात. पाच वाजून गेले तरी लिलाव संपेना, कारण शेवटच्या मिनिटाला बोली आली की वेळ वाढायचा, असा नियमच होता. भाव नव्या गाडीच्या पलीकडं गेला. असल्या भावाला गाडी घेणारा माणूस शहाणा नसतो, आणि पैसे भरणारा तर नसतोच.

तिनं बाळासोला फोन लावला. उचलला नाही. नवऱ्याला लावला. उचलला नाही. मग चपला अडकवून ती तरातरा तालमीकडं निघाली. चौक हाकेच्या अंतरावर होता आणि तिथली बोंब गल्लीच्या तोंडापासूनच ऐकू येत होती.

तालमीपुढं, फुटबॉलचे सामने बघायला लावतात तो मोठा पडदा लावलेला होता आणि त्यावर तिची गाडी दिसत होती. शंभरभर माणसं जमलेली. अनामत भरायला पोरांनी वर्गणी काढली होती. दादांच्या गाडीचा मान राखायचा म्हणून पहिली बोली बाळासोनं लावली, ही बातमी पलीकडच्या पेठेत गेली, आणि धैर्यशीलनं तिकडून सांगितलं की दादांची गाडी आता आमच्या तालमीच्या दारात उभी राहणार. 'नाद करायचा न्हाय' तो. बोली वाढली की इकडं शिट्ट्या, तिकडची वाढली की शिव्या. मधोमध प्लास्टिकच्या खुर्चीवर राजवर्धन बसला होता, पांढरा शर्ट घालून, लग्नातल्या नवरदेवासारखा. तिला बघून तो ओशाळला नाही. हसला.

तिनं त्याला बाजूला घेतलं आणि हे आत्ताच्या आत्ता थांबवायला सांगितलं. तो म्हणाला, पोरं मजा करत्यात, भाव चढतोय, तुझाच फायदा. ती म्हणाली, ह्यातला एकजण तरी पैसे भरणार आहे का? खरं गिऱ्हाईक कधीच उठून गेलंय. हे खेळ झाल्यावर गाडी दारातच राहणार, कळतंय का तुम्हाला?

त्यानं पडद्याकडं बघितलं. धैर्यशीलची बोली वर होती आणि घड्याळ उलटं पळत होतं. तिचं बोलणं त्याच्या कानापर्यंत आलं आणि तिथंच थांबलं. "त्याच्या दारात जाईल माझी गाडी?" तो म्हणाला. "त्यो बसणार माझ्या गाडीत?"

त्यानं बाळासोच्या हातातला मोबाइल ओढून घेतला आणि वर्गणीची अनामत पुरेना म्हणून स्वतःच्या नावानं भरायला लागला. पुढचं बघायला वर्षाराणी थांबली नाही. घरी पोरगी एकटी होती.

ती दारात पोचते तोवर चौकात एकच आरोळी उठली आणि फटाक्यांची माळ वाजली. मागोमाग कंपनीचा फोन आला. बोलणारी मुलगी सभ्य होती, पण आवाज कोरडा होता. शेवटच्या बोलीची अनामत विकणाऱ्याच्याच घरच्या खात्यातून, राजवर्धन ह्यांच्या नावानं भरलेली दिसते आहे. भाव फुगवण्यासाठी विकणाऱ्यानं स्वतःच बोली लावणं ही फसवणूक समजली जाते. लिलाव रद्द करून तुमचं खातं बंद करतो आहोत. वर्षाराणीनं सांगायचा प्रयत्न केला, की मी नाही, नवरा. पलीकडची मुलगी म्हणाली, आमच्या दृष्टीनं ते एकच आहे. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नवऱ्याचं पाप आपल्या नावावर असं छापील कधी चढलं नव्हतं.

मग तिनं पवित्राला फोन लावला. सगळं जसंच्या तसं सांगितलं, काही लपवलं नाही, आणि ठरल्या भावाला गाडी अजून घ्याल का, असं विचारलं.

"अक्का, तुम्ही खोटं बोलत नाही, ते कळतंय मला," पवित्रा म्हणाली. "पण तुमच्या यजमानांनी गाडी सोडलेली नाही. सोडलेली नाही ती वस्तू मी कशी घेऊ? उद्या ते माझ्या दारात येऊन उभे राहतील."

बाईनं हुबळीत बसून जे ओळखलं ते आपण एका छपराखाली राहून ओळखलं नाही, ह्याचाच वर्षाराणीला जास्त संताप आला.

तेवढ्यात हलगी ऐकू आली. गल्लीच्या तोंडातून वरात आत वळत होती. पुढं हलगीवाला, मागं गुलाल उधळणारी पोरं, आणि बाळासोच्या खांद्यावर राजवर्धन, कपाळापासून छातीपर्यंत लालेलाल. फाटक ढकलून सगळे अंगणात शिरले. वर्षाराणी पायरी उतरेपर्यंत कुणीतरी गाडीचं कव्हर ओढून फेकलं, राजवर्धन खांद्यावरून उतरून आत बसला आणि त्यानं गाडी चालू केली. नुसती चालू केली नाही. जागच्या जागी इतकी रेस केली की भिंतींना कापरं सुटलं. पोरं नाचायला लागली.

घरातून काहीतरी फुटल्याचा आवाज आला. मग मागचं दार आपटलं.

वर्षाराणी गर्दीत घुसली. वाटेतल्या दोघांना तिनं कोपरानं बाजूला सारलं. गाडीच्या उघड्या खिडकीतून हात घातला आणि नवऱ्याच्या नाकासमोरून बटण दाबून गाडी बंद केली. हलगीवाला आणखी दोन ठोके वाजवून थांबला.

"बोली कुणाची लागली?" तिनं विचारलं.

"दादांचीच की, वैनी," बाळासो धापा टाकत म्हणाला. "धैर्यशीलला पार झोपिवला."

"आणि गाडी कुणाच्या नावावर हाय?"

बाळासोनं इकडं तिकडं बघितलं. "तुमच्या."

"म्हंजे मी इकली आणि ह्यांनी घेतली. समद्या पेठेनं बघितलं. व्हय का न्हाय?"

कुणी तरी मागून व्हय म्हणालं. एकदोघं हसले. त्यांना वाटलं, वहिनी पण आता गुलाल लावून घेणार.

"मग ऐका. मी गूळ बाजारातली हाय. आमच्यात बोली लागली की घेणाऱ्यानं त्याच दिशी माल उचलायचा असतोय. इकणाऱ्याच्या दारात ठिवून घ्यायचा न्हाय." ती नवऱ्याकडं वळली. "उचला."

राजवर्धन हसायला गेला, पण हसू अर्ध्यावर राहिलं. चारचौघांत तमाशा नको, आत चल, असं तो हळू आवाजात म्हणाला.

"चारचौघांत बोली लावलीसा, आता चारचौघांतच ऐकून घ्या," वर्षाराणी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, उलट उतरला होता, आणि म्हणूनच मागच्या पोरांनीही गप्प होऊन कान दिले. "दवाखान्यात पोरीच्या डोक्यावर हात ठिवून शब्द दिलासा. तवा कुणी शिट्ट्या मारल्या न्हाईत, कुणी गुलाल टाकला न्हाय. म्हणून त्यो शब्द हलका झाला व्हय? धैर्यशीलनं बघितलं म्हणून ही बोली जड, आणि तुमच्या लेकीनं ऐकला म्हणून त्यो शब्द हलका?"

बाळासोनं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. दुपारी ह्याच घरचं जेवण त्यानं पोटभर खाल्लं होतं, ते त्याला आता आठवलं असावं. राजवर्धन म्हणाला की आज रात्र होऊ दे, उद्या बघतो, खरंच बघतो.

"न्हाय," ती म्हणाली. "उद्याचं लई झालं. गाडी आज जाणार. जिथं मावंल तिथं न्या. तालमीत न्या, न्हायतर धैर्यशीलच्या दारात उभी करा, मला त्येचं काय न्हाय. आणि गाडीसंगं तुम्हीबी जायाचं. गाडी इकून, कागद करून, हात हालवत याल तवा ह्या दारातनं आत या. तवर न्हाय."

"माझ्याच घरातनं मला घालवतीस?"

"मी कुठं घालवती? पोरगी रोज जाती की मागच्या दारानं. तिला कोण घालवतंय?"

पेठेचा वाघ स्टिअरिंगला धरून नुसता बसून राहिला. थोड्या वेळानं त्याचा हात बटणाकडं गेला, बहुतेक रागानंच, पण बाळासोनं खिडकीतून तो धरला. "दादा, नगं," तो म्हणाला. "चालू नगं करू. पोरगी हाय." एवढे महिने ज्यानं पोरीचं नाव काढलं नव्हतं, तो हे बोलला. मग तो गाडीच्या मागं गेला आणि दोन्ही पंजे टेकून उभा राहिला. त्याचं बघून आणखी पाच-सहाजण गेले. हलगीवाल्यानं हलगी काखेत मारली आणि तोही लागला.

गाडी हलली. अंगणातून फाटकाकडं, फाटकातून गल्लीत, चाकाखाली खडी करकरण्याशिवाय आवाज नव्हता. मघाशी जी माणसं नाचत आली होती ती आता मान खाली घालून एक पिवळी गाडी ढकलत नेत होती, आणि गल्लीतले लोक दारादारात उभे राहून बघत होते. वर्षाराणीनं कुणाच्या नजरेला नजर द्यायची टाळली नाही. तिचा राग अजून तसाच होता. दोन घोट पाणी पिऊन जाणारा राग नव्हता तो.

गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तेव्हा झुंबरबाईंच्या बाजूनं संयोगिता आली. ओढणीच्या शेवात अर्धवट फोडलेल्या शेंगा होत्या. तिनं अंगणातल्या मोकळ्या जागेकडं बघितलं, जमिनीवर तेलाचा डाग आणि गुलाल तेवढा पडला होता.

"गाडी गेली?" तिनं विचारलं.

"गेली."

"मग आवाज कसा न्हाय आला?"

"ढकलत नेली," आई म्हणाली. "बाळासोकाका, त्यांची पोरं, सगळ्यांनी ढकलली."

पोरीला अजून एक विचारायचं होतं आणि ते विचारावं की नाही हे ठरत नव्हतं.

"आणि पप्पांनी?"

वर्षाराणीला खोटं बोलता आलं असतं. पण आजवर ह्या घरात पोरीशी पुरेसं खोटं बोलून झालं होतं.

"न्हाय बाळा," ती म्हणाली. "ते गाडीत बसलेले."

संयोगितानं मान हलवली. मग ती चालत फाटकापर्यंत गेली, डाव्या हातानं फाटक ओढलं आणि कडी आतून लावून घेतली.